एका कानात भात, एका कानात पाणी

माझा उजवा कान खाणीत गेला. बायकोला डाव्या कानात नसलेला माणूस ऐकू यायचा. अशी आमची जोडी. मध्ये एक पोरगी.

बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. लोक विचारतात, कसं वाटतं. काही वाटत नाही. सकाळी चहा करतो, कप धुतो, ओसरीवर बसतो. पोरगी म्हणते, "बाबा, मायचं काही लिहून ठेवा, नुसते बसून नका राहू." मी चौथी शिकलेला माणूस. पण वेळ आहे. जे झालं तेवढं लिहितो.

चिखल्याच्या बाजूला मँगनीजची खाण आहे. लग्न झालं तेव्हा मी तिथं जमिनीखाली होल मारायच्या मशीनवर होतो. मशीन उजव्या अंगाला धरायची, म्हणून आवाज उजव्या कानात. कानात बोळे घालायचे नाहीत असं आमचं आम्हीच ठरवलं होतं, कारण बोळे घातले की छत ऐकू येत नाही. आणि छत ऐकणं हे तिथलं पहिलं काम. पाळी सुरू झाली की मशीनला हात लावायच्या आधी एकजण लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन डोक्यावरचा दगड ठोकत जायचा. टण्ण वाजला तर दगड पक्का. भद्द वाजला तर सुटलेला. तो आधी पाडायचा, मगच खाली उभं राहायचं. काल ठोकलं होतं, हे तिथं चालत नाही. काल संपला.

बायको बपेऱ्याची. घरी धानाची शेती, गावच्या तलावाखाली. मी पोरगी पाहायला गेलो तेव्हा तिचा मोठा भाऊ तलावाच्या पाळीवर बसून कोणाशी तरी वाद घालत होता. समोर कोणी नव्हतं. मी विचारलं, तर तिचे काका म्हणाले, "भोळा आहे जी थो." मी पुढं विचारलं नाही. पोरगी पसंत होती. लग्नानंतर एका उन्हाळ्यात तो भाऊ जंगलाच्या रस्त्यानं मध्य प्रदेशाकडे चालत गेला. घरच्यांनी पुष्कळ शोधलं. मिळाला नाही. बायको तेव्हा पोटुशी होती. तिला उशिरा सांगितलं.

पोरगी चालायला लागली त्या साली रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या दिवसांत ते सुरू झालं. बाया आमच्या बांधीत ओळीनं वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवत होत्या. मी धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकत होतो, त्या दिवशी खाणीला सुट्टी होती. बायको एकदम उभी झाली आणि डावीकडे तोंड करून म्हणाली, "मी हळू नाही रोवून रायली."

"कोणाले सांगून रायली व?" शेजारची बाई म्हणाली.

"थो म्हणते ना. म्हणते, ही हळू रोवते, हिचे हात दुखून रायले, आता ही उभी होईन."

"कोण थो?"

बायकोनं चिखलाचं बोट डाव्या कानाला लावलं. बाया हसल्या. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबलं.

तो माणूस मग गेलाच नाही. ती जे करायची ते तो सांगायचा. ही आता भात मांडते. ही आता खोटं हसते. हिचा नवरा आला, हिले नाही बोलला. कधी शिव्या द्यायचा. माझ्या मायनं लसूण घालून तेल गरम केलं आणि त्या कानात सोडलं. कापूस कोंबला. देवाचं पाहिलं, बाहेरचं पाहिलं. कापूस घातला की तो जास्त बोलतो असं बायको म्हणे. माझी माय तोंडाची फटकळ होती. म्हणायची, "पोट्ट्याले असलेलं आयकू येत नाही, अन सुनेले नसलेलं येते. काय जोडा जमवला बाप्पा!" खाणीतले सोबती म्हणायचे, "बरं झालं ना गड्या. तुह्या वाटचं थे आयकते." मीही हसायचो. दुसरं काय करणार.

बायको मात्र एकच गोष्ट विचारायची. डोकं शांत असलं की पोरीला मांडीवर घेऊन विचारायची, "माह्या भावाले असंच होतं जी. मले झालं. हिले होईन का?"

"नाही होत," मी म्हणायचो. मला काही माहीत नव्हतं.

"तुमाले काय माहीत?"

बरोबर होतं तिचं.

शेवटी तुमसर रोड स्टेशनवरून गाडीनं तिला नागपूरला नेलं, मोठ्या दवाखान्यात. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तो माणूस दूर गेला, पण पुरता गेला नाही. तलावाच्या पलीकडून बोलतो म्हणे. आणि बायकोही दूर गेली. हात कापायचे, चालताना हात हलायचे नाहीत, तोंडातून लाळ यायची. रडायची नाही, हसायची नाही. पण भात लावायची, पोरीची वेणी घालायची. वेणी घालताना पोरीचे कान पाहायची. आधी डावा, मग उजवा. जसं काही आत उतरून पाहता येतं.

दर महिन्याला गोळ्या आणायला जायचो. असं करता करता ऐंशीचं साल मागं पडलं. तेव्हा तिथं एक नवीन डॉक्टर आला होता, पोरगेलासा. तो म्हणाला, मला तुमचा थोडा वेळ पाहिजे, यात औषध नाही, सुई नाही, फक्त ऐकायचं. त्याच्या खोलीत टेबलावर एक टेप होता, टेपला वायर, आणि वायरला कानांवर बसवायच्या दोन वाट्या.

"दोन्ही कानांत एकाच वेळी दोन वेगळे शब्द येतील," डॉक्टर म्हणाला. "जो ऐकू येईल तो सांगायचा."

बायको म्हणाली, "माह्या कानात अगोदरच एक जण बसला आहे जी. अजून दोन कायले घालता?"

"तो बोलला तर त्याचं सांगू नका. माझ्या टेपमधलंच सांगा."

"त्याले समजलं पाह्यजे ना, आपली पाळी नाही म्हणून."

पण बसली. बराच वेळ बसली. एकेक शब्द सांगत गेली, तो लिहीत गेला. मग त्यानं मला बसवलं. थोड्याच वेळात वाट्या काढून घेतल्या. म्हणाला, "तुमचा उजवा कान जवळजवळ गेलेलाच आहे. तुम्हाला मोजणीत धरता येणार नाही."

"ह्यायले घरीबी कोणी मोजत नाही," बायको म्हणाली. आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून ध्यानात आहे.

मी डॉक्टरला विचारलं, हे काय पाहून राहिले. त्यानं दोन मुठी जवळ जवळ धरल्या. म्हणाला, मेंदूचे असे दोन भाग असतात. सारखे दिसतात, पण सारखे नसतात. बोलणं समजायची जागा बहुतेकांच्या डाव्या भागात मोठी असते, आणि उजव्या कानाची मोठी वाट डाव्या भागाकडे जाते. म्हणून दोन शब्द एकदम आले तर बहुतेक लोक उजव्या कानातला जास्त पकडतात. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यात हा डाव्या-उजव्याचा फरक कमी असतो असं काही डॉक्टरांना वाटतं. त्यांच्या भावाबहिणींत, पोराबाळांत तसंच असतं का, ते आम्ही पाहतो आहोत.

मला खळ्यातले बैल आठवले. धान चुरताना मधल्या खुंट्याजवळचा बैल जवळपास जागीच फिरतो आणि कडेचा लांब चालतो. दावं एकच, पण चाल सारखी नाही. दोघं सारखे चालले तर खळं फिरणारच नाही. मी हे डॉक्टरला सांगितलं नाही. त्याला घाई होती.

"माह्यं कसं आलं जी?" बायकोनं विचारलं.

"तुमचं दोन्ही कानांचं सारखंच आलं."

"मंग माह्या पोरीचं पाहा."

"केवढी आहे?"

"आठवं लागलं."

"थोडी मोठी होऊ द्या, मग आणा. पण ताई, एक ध्यानात ठेवा. यातून एकट्या माणसाचं काही सांगता येत नाही. पुष्कळ लोकांचं एकत्र केलं तर काही दिसलं तर दिसतं. तुमच्या मुलीला आजार होईल की नाही, हे ही मशीन सांगू शकत नाही."

मी डाव्या कानानं नीट ऐकलं. बायकोनंही ऐकलं असेल. पण तिला जेवढं पाहिजे तेवढं तिनं ठेवलं. स्टेशनवर म्हणाली, "पोट्टी मोठी झाली का आणू."

घरी आल्यावर आम्ही एक अजून केलं, ते कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलायचं ते उजव्या कानात, असं ठरवून टाकलं. माझी मायसुद्धा शिव्या द्यायच्या तर उजव्या बाजूला जाऊन द्यायची. मी कायम तिच्या उजवीकडे बसायला लागलो. ते मला बरं पडायचं. माझा चांगला कान तिच्या बाजूला यायचा.

पोरगी दहाची झाली तेव्हा तिला नवीन फ्रॉक घालून नागपूरला नेलं. तो डॉक्टर नव्हता. बदली झाली म्हणाले. टेप, वाट्या, काही नव्हतं. त्या खोलीत आता वजनाचा काटा होता. बायकोनं पोरीला त्या काट्यावर उभं केलं, उतरवलं, आणि आम्ही गोळ्या घेऊन परत फिरलो.

गाडीत पोरगी खिडकीत बसली होती. बायको मला म्हणाली, "तुमी छत ठोकता, तवा काय समजते जी?"

"आजचं समजते."

"अन उद्याचं?"

"उद्याचं उद्या ठोकायचं."

तिनं खिडकीतल्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिलेबी ठोकून पाहू. घरीच."

मला वाटलं विसरेल. विसरली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर अंगणात खाट टाकलेली आणि पोरगी मध्ये बसवलेली. डावीकडे बायको बसली, उजवीकडे मला बसवलं. मी खाटेच्या लाकडावर बोटांनी टक केलं की दोघांनी एकदम पोरीच्या कानाशी हळू एकेक शब्द बोलायचा, असं ठरलं. मला काही सुचलं नाही, मी म्हणालो भात. बायको काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. कसं येणार, मी स्वतःच बोलत होतो, आणि ती पलीकडे.

"काय आयकू आलं?" बायकोनं विचारलं.

"बाबा म्हणले भात, तू म्हणली पाणी," पोरगी म्हणाली. "दोघं एकदम काहून बोलून रायले? भांडून रायले का?"

आतून माझी माय म्हणाली, "ह्या घरात खऱ्या माणसाचं कोणी आयकत नाही, अन बसले कान तपासायले!"

पुन्हा केलं. बैल आणि चूल. माती आणि दूध. पोरगी दोन्ही सांगायची, हसत हसत, जसं काही बक्षीस मिळणार आहे. बायको उठून आत गेली. जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दोन्ही सारखंच आलं, माह्यासारखं. थो म्हणते, गेली. हिची पोरगीबी गेली."

"डाक्तर काय म्हणला होता? एकट्याचं समजत नाही म्हणला होता ना?"

"डाक्तर कुठं आहे?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट. टक. मी म्हणालो भात.

"भात," पोरगी म्हणाली.

"अन दुसरं?"

"दुसरं नाही आयकू आलं."

"मी काय म्हणली?"

"तू बोलली का? मले एकच आयकू आलं."

बायकोनं पुन्हा करून पाहिलं, आणखी पुन्हा. पोरगी दर वेळी माझाच शब्द सांगायची. बायकोनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तसंच धरून ठेवलं. मग डब्यातून गूळ काढून दिला. मला वाटलं पोरगी आता गुळासाठी हेच सांगेल. वाटलं तर वाटू दिलं. बायको जेवली, एवढं मी पाहिलं.

मग ते चालूच राहिलं. रोज नाही. पोळ्याला, दिवाळीला, पोरीला ताप आला की, पोरगी गप्प बसली की. बायको म्हणायची, "आज ठोकून पाहू," आणि पोरगी पाटी बाजूला ठेवून खाटेवर येऊन बसायची. कधी पोरगीच मला हाक मारायची, "बाबा, या, ठोकायचं आहे." मी पहिला शब्द कायम भात म्हणायचो. दुसरे मग सुचायचे. बायको चिडवायची, "तुमाले भाताबिगर काही येते का जी?" पोरगी कायम माझा शब्द सांगायची. त्या दिवशी बायको गोळी न विसरता घ्यायची आणि तो माणूस तलावापलीकडे राहायचा.

पोरगी लग्नाला आली तेव्हा मोहाडीकडचे पाहुणे यायचे होते. सकाळी घरात गडबड. पोरगी नवीन लुगडं नेसून तयार. बायको म्हणाली, "कान दे."

"माय, पाहुणे येऊन रायले व. आता राहू दे."

"आताच पाह्यजे. उद्या थे घेऊन गेले तं?"

पोरगी लुगडं सावरून खाटेवर बसली. मी भात म्हणालो. पोरगी भात म्हणाली. बायको उठली आणि चहा ठेवायला गेली. जाता जाता मला म्हणाली, "माह्यं लपवू नका. पोरीचं इचारलं तं सांगा, ठोकून पाह्यलं म्हणून."

मी सगळं सांगितलं. मुलाच्या आईनं ऐकून घेतलं. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. म्हणाली, "आमच्या घरीबी एक जेठ होते तसे. कोणाच्या घरी नाहीत?" आणि चहा प्यायली. लग्न झालं.

पुढं माय गेली. मी कामावरून घरी बसलो. पोरीला पोरं झाली. पोरीला कधी काही झालं नाही. बायकोला जेव्हा झालं ते वय तिनं केव्हाच ओलांडलं. पण बायको म्हणायची, काल संपला. माझंच वाक्य. पोरगी माहेरी आली की खाट टाकायची.

शेवटी बायकोला पोटाचं दुखणं लागलं. त्यातून ती उठली नाही. पोरगी येऊन राहिली होती. एका दुपारी बायकोनं हातानं खूण केली. आम्हाला कळलं. पोरगी तिच्या बिछान्यावर बसली, बायकोच्या तोंडाशी डावा कान नेऊन वाकली. मी पोरीच्या उजवीकडे. मी खाटेवर टक केलं. भात म्हणालो. बायकोचे ओठ हलले.

"भात," पोरगी म्हणाली.

बायकोनं डोळे मिटले. पुन्हा करा म्हणाली नाही. दोन दिवसांनी गेली.

तेरवी झाली, लोक गेले. पोरगी आणि मी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. ती माझ्या डावीकडे बसली, चांगल्या कानाच्या बाजूला. भात वाढता वाढता म्हणाली, "बाबा, मले दोन्ही आयकू यायचे."

"केव्हा?"

"कायमच. पहिल्या दिवशी मी दोन्ही सांगितले, तं माय जेवली नाही. मंग मी तुमचाच सांगत गेली. मायचा आयकून टाकून देत गेली."

मला डॉक्टरच्या मुठी आठवल्या. एकट्याचं काही सांगता येत नाही म्हणाला होता. पोरगी बाजूला धडधाकट बसून भात कालवत होती.

"सगळे शब्द टाकले?" मी विचारलं.

"ध्यानात आहेत ना. पाणी. चूल. दूध. एकदा मोट म्हणली होती. एकदा माह्या मामाचं नाव घेतलं होतं."

"अन शेवटच्या दिवशी?"

तिनं घास खाली ठेवला. "त्या दिवशी टाकायले काही नव्हतं बाबा. त्या दिवशी मायबी भातच म्हणली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती. मी पहिला शब्द कायम भातच म्हणायचो, हे बायकोला माहीत होतं.

"वरण घेता का जी?" पोरीनं विचारलं. अगदी मायसारखं.

"घाल," मी म्हणालो. तिनं वाढलं. मी जेवलो.